तीन आडव्या रेघा

१

बाबली तांडेल बुडाला तो मंगळवारी, आणि शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्याच्या मरणाचा दोष अक्षयाच्या नावावर टाईप होऊन तयार होता. फक्त तिची सही व्हायची बाकी होती.

कागद भाईंनी स्वतः आणून दिला. भाई परुळेकर म्हणजे कंपनीचे मालक. आता कंपनी म्हणायचं एवढंच. खारवणे गावच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, चिऱ्यांची एक लांबट इमारत, चौदा माणसं आणि मच्छीमारांच्या होड्यांवर बसवायची एक नारिंगी पेटी. होडी उलटून पेटी पाण्यात पडली की ती आपली आपण उपग्रहाला साद घालते आणि माणसं कुठे बुडतायत ते किनाऱ्यावर कळतं. बाबलीची पेटी पाण्यात पडली, पण बोलली नाही. झाकणाखालचं रबरी कडं विरून आत खारं पाणी शिरलं होतं. तिघं जण पोहत तोंडवलीच्या वाळूला लागले. बाबली दुसऱ्या दिवशी मिठबावला सापडला.

त्या पेटीवर छापलं होतं, ‘आयुष्य पाच वर्षे’. तिचा सोळावा महिना चालू होता. तसल्या पेट्या अजून तीनशे होड्यांवर होत्या.

“बाहेर लोक चिडलेत,” भाई म्हणाले. “फाटकात बसलेत. तू आतच थांब, तुझ्याच भल्यासाठी. चार वाजता पोलीस येतील. तोवर एवढी सही करून ठेव. चूक कबूल केलीस तर मी वकील देतो, मी आहे ना.”

आणि बाहेर जाताना त्यांनी दाराला कडी घातली. भलं करायचं असलं की माणसं कडी का घालतात, हे विचारायला अक्षयाला सुचलं नाही.

ती बसली होती ती चाचणीची खोली. इथे एका लोखंडी कपाटात उष्ण, खाऱ्या पाण्याचं धुकं सोडत. खारी हवा बाहेरच्या यंत्रांना लागू नये म्हणून खिडक्या चिऱ्यांनी बुजवून टाकल्या होत्या. एकच दार, तेही भाईंच्या केबिनमध्ये उघडणारं. पाच वर्षं ह्या खोलीत वावरूनही ती इतकी लहान आहे हे अक्षयाला आज पहिल्यांदा कळत होतं. तिने कागद वाचला. ‘चाचणीच्या नोंदी व निष्कर्ष यांत माझ्या हातून गंभीर चूक झाली.’ तिने पुन्हा वाचला. खरं सांगायचं तर सही करून मोकळं व्हावं असं तिच्या मनात दोनदा येऊन गेलं.

कडी वाजली. दारात पन्नाशीची, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात अर्धं सोललेलं केळं.

“सही करू नको गो अजून,” ती म्हणाली. “आधी माका समजान घेवक दी.”

२

रुकय्या खतीब बांद्याच्या. त्यांच्या भावांच्या होड्या, त्यांचं मात्र सगळं आयुष्य कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेलं. मच्छीमार सोसायटीची अर्धी तरणी माणसं त्यांच्या हाताखालून नापास होऊन गेलेली, त्यामुळे त्यांच्यावर सोसायटीचा फार विश्वास. चाचणीचे कागद तपासायला सोसायटीने त्यांनाच बोलावलं होतं.

बाई दुसऱ्या स्टुलावर बसल्या, केळं संपवलं आणि साल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

“मला अगदी अडाण्याला सांगतात तसं सांग. पेटी पाच वर्षं टिकते हे पाच वर्षं न थांबता कसं कळतं?”

हा प्रश्न अक्षयाला झोपेतही सुटला असता. बोलायला लागल्यावर तिचा आवाज जरा ठिकाणावर आला. “वीस पेट्या कपाटात ठेवतो. गरम खारं धुकं सोडतो. उष्णतेत रबर लवकर म्हातारं होतं. आमचं रबर पंचावन्न अंशांवर एका दिवसात दर्यावरच्या एका महिन्याएवढं झिजतं. दर दहा अंश वाढवले की वेग दुप्पट. मग पहिली पेटी कितव्या दिवशी मरते ते पाहायचं आणि तेवढ्या महिन्यांत कडं बदला म्हणून सांगायचं.”

“पंचाहत्तर अंशांवर?”

“एक दिवस म्हणजे चार महिने.”

“आणि तू किती अंशांवर केलीस?”

“पंचावन्न. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात. मी अठरा महिने लिहिलं होतं. ती वही आता सापडत नाही, आणि भाई म्हणतात ती चाचणी कच्ची होती. जानेवारीत नवा हीटर बसला, मग पंचाहत्तरवर पक्की चाचणी झाली आणि ती मीच केली, असंही तेच म्हणतात. मी केली नाही, बाई. पेटीवर पाच वर्षं छापली तेव्हा मी विचारलं, तर भाई म्हणाले पक्की चाचणी बाहेरून करून घेतली. पण त्या वहीच्या शेवटच्या पानावर माझी सही आहे. मी पाहिली. माझीच आहे.”

रुकय्याबाईंनी पिशवीतून जानेवारीची वही काढली. वही म्हणजे पिना मारलेले सहा सुटे कागद. आतल्या पानांवर रोजच्या नोंदी. शेवटच्या पानावर ‘चाचणी घेणार’ एवढे शब्द आणि अक्षयाची सही, तारीख नाही काही नाही. बाईंनी त्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, पान उजेडाकडे धरलं आणि खाली ठेवलं.

“पेटी मेली हे कळतं कसं?”

“रोज सकाळी दहाला कपाट उघडून पाहतो. आमचे मदतनीस दत्तारामकाका पाहतात आणि आकडा लिहितात. काहीच मेलं नसेल तर शून्य. माझी सही शेवटी, एकदाच.”

“रविवारी?”

“रविवारीसुद्धा. काका जवळच राहतात.”

“म्हणजे अक्षर दत्तारामाचंच असणार, ते ह्या वहीत आहेच. बरं.” बाईंनी चष्मा चढवला. “आता ऐक. चौदा दिवस रोज शून्य. अठराव्या दिवशी एकदम सात पेट्या मेल्या. मग एकोणिसाव्याला एक, विसाव्याला दोन, असं साधं चाललंय. माझ्या तीस वर्षांत मी पुष्कळ मरणं मोजली, यंत्रांची. ती अशी ठरवून एका सकाळी सात-सात येत नाहीत.”

“आणि पंधरा, सोळा, सतरा?”

“तिथे शून्य नाही,” रुकय्याबाई म्हणाल्या. “तिथे आडव्या रेघा आहेत. ह्या तीन दिवसांत, मुली, पाहायला कोणीच नव्हतं.”

३

रेघांबद्दल विचारायला बाईंनी एकेकाला बोलावलं. आधी निलेश आला. विक्रीचं तो बघायचा. पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं त्याहून कडक. अक्षयाकडे त्याने पाहिलंच नाही.

“मॅडम, त्यात काय विशेष? सव्वीस जानेवारी, त्याला जोडून शनिवार-रविवार. सुट्टी होती.”

बाईंनी कॅलेंडर आणवलं. वहीतल्या तारखांप्रमाणे रिकामे दिवस सोमवार, मंगळवार, बुधवार असे येत होते. सव्वीस जानेवारी पुढे होती आणि तिच्या रांगेत व्यवस्थित आकडा होता.

“मग मला माहीत नाही,” निलेश म्हणाला. “मला तर ती वही फारच गचाळ वाटते. माझ्याकडे आली असती तर मी परत लिहून घेतली असती. ग्राहकापुढे असा कागद ठेवतात का?”

“तुमच्याकडे आली नव्हती?”

“माझ्याकडे फक्त पाच वर्षांचा आकडा आला. भाईंकडून.”

तो गेला. अक्षया भिंतीला टेकून उभी राहिली. फाटकातला गलका दारातून आत येत होता आणि दार लागलं की बंद होत होता. साडेतीन वाजले होते. तिला वाटलं, बाई हुशार आहेत, पण रेघांवरून माझी सही कशी पुसली जाणार? जानेवारीत ती इथेच होती, रोज कामावर होती. मी नव्हते म्हणायलाही जागा नव्हती.

मग दत्ताराम आला. साठीचा, काटक. गावच्या देवळात पिढ्यान् पिढ्या ढोल वाजवणाऱ्या घरातला. लहानपणी अक्षयाला खांद्यावर बसवून त्याने जत्रा दाखवली होती. आज तो दाराजवळच उभा राहिला.

“दत्ताराम, हे तीन दिस रिकामे कित्या?” बाईंनी त्याच्याच बोलीत विचारलं.

“लाईट नव्हती,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“तीनव दिस?”

“तीनव दिस. खांबार झाड पडला.”

“अरे, लाईट नसली तर कपाट थंड पडतला. थंड कपाटात रबर झिजाचा नाय. मगे चवथ्या दिसाक सात पेट्ये मेले कशे?”

दत्तारामाचे हात सारखे टोपीच्या कडेवर चालले होते.

“म्हणजे लाईट होती,” बाई आता स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. “कपाट चालू होतं. पेट्या आपापल्या वेळेला मरत होत्या. फक्त रविवारीसुद्धा न चुकणारा माणूस तीन दिवस आला नाही. आणि त्याच्या जागी दुसराही कोणी आला नाही.” त्या अक्षयाकडे वळल्या. “यंत्र चालू आणि तीन दिवस माणूस औषधालाही नाही. ह्या इमारतीवर अशी वेळ कधी आली होती का?”

आतापर्यंत अक्षयाने फक्त जानेवारी, जानेवारी एवढाच विचार केला होता. आता तिच्या डोळ्यांपुढे गावाबाहेरच्या माळावर ओळीने उभ्या केलेल्या झावळ्यांच्या खोपी आल्या.

“गावपळण,” ती म्हणाली.

४

दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि खारवणे गाव रिकामं होतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर. त्या काळात गावात मनुष्याने थांबायचं नाही, डोकवायचंसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी कौल झाला तेव्हा कपाटाचं काय करायचं हा प्रश्न पडला होता. देवाने माणसांना जायला सांगितलंय, मशीनला नाही, असं म्हणून भाईंनीच ते चालू ठेवायला लावलं होतं, आणि सगळे हसले होते.

“बारा डिसेंबरला सकाळी गाव बाहेर पडलं, पंधराला परत आलं,” अक्षया घाईघाईने सांगत होती. “चाचणी सुरू केली अठ्ठावीस नोव्हेंबरला, त्या दिवशी मी भाईंना मेसेज केला होता, तो फोनमध्ये असेल. अठ्ठावीसपासून मोजा. पंधरावा दिवस बारा तारीख.”

बाईंनी बोटांवर मोजलं आणि भाईंना बोलावलं. दारात निलेशही येऊन उभा राहिला.

“भाई, जानेवारीत गाव बाहेर गेलं होतं?”

“नाही,” भाई म्हणाले.

“मग जानेवारीच्या वहीत गावपळण कुठून आली? ही चाचणी झालीच नाही. डिसेंबरची वही समोर ठेवून उतरवली, तारखा बदलल्या आणि पंचावन्नाचे पंचाहत्तर केले. अठरा दिवसांचे अठरा महिने होते, ते चौपट होऊन सहा वर्षं झाले. त्यातलं एक हात राखून सोडलं आणि पाच छापली.”

भाईंनी शांतपणे अक्षयाकडे बोट केलं. “सही तिची आहे.”

“सहीकडे येते. वही दत्तारामाच्या अक्षरात आहे, पण दहा अंशांना वेग दुप्पट हे गणित दत्तारामाचं नाही. कोणीतरी त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर वाचलं. निलेशने वाचलं असतं तर ह्या रेघा राहिल्याच नसत्या. त्याला त्या गचाळ वाटतात. त्याने तिथे शून्यं घालून घेतली असती, सात पेट्या चार दिवसांत वाटून टाकल्या असत्या, आणि मग मला काही सापडलं नसतं. रेघा दिसूनही ज्याला त्या बदलायचा धीर झाला नाही, तो माणूस खारवण्याचाच. ह्या खोलीत खारवण्याची तीन माणसं आहेत. दत्ताराम, भाई आणि अक्षया. पैकी ते गणित येतं दोघांना.”

बाईंनी अक्षयाला वर काढलं होतं ते पुन्हा त्याच विहिरीत सोडायला की काय, असं तिला वाटलं.

“आता सही,” रुकय्याबाईंनी शेवटचं पान उचललं. “आतल्या पानांना पिनेची दोन भोकं आहेत. ह्या सहीच्या पानाला चार. हे आधी दुसऱ्या वहीला जोडलेलं होतं, तिथून सोडवून इथे लावलंय. अक्षयाला खोटी वही करायची असती तर तिने नव्या पानावर नवी सही केली असती, तिचा हात तिच्याजवळच होता. दुसऱ्याच्या सहीचं पान ज्याला चोरावं लागतं, तो तिसराच. मग राहिलं कोण, भाई?”

भाई काही बोलण्याआधी दत्ताराम मटकन खाली बसला.

“भाईन सांगल्यान थंय शून्य घाल,” तो म्हणाला. “बाकी सगळा लिवलंय, मॅडम. पंचावन्नाचे पंचात्तर केलंय, माका काय वाटाक नाय, आकडोच तो. पण ते दिस खंयचे तां माका ठावक होता. त्या दिसांनी मी गावात येवन पेट्ये बगलंय, असा माझ्या हातान कसा लिवतलंय? भाईक सांगलंय, तुमी घाला. तेणीव पेन घेतल्यान आणि खाली ठेवल्यान.”

अक्षयाला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिला आला तो संताप. ह्या दोन माणसांना देवापुढे तीन शून्यं लिहायची भीती वाटली, आणि तीनशे होड्यांना पाच वर्षांचं वचन लिहून देताना त्यांचे हात जराही थरथरले नाहीत.

“काका, बाबलीदादाची भीती नाय वाटली तुमका?” तिने विचारलं. दत्तारामाने टोपीत तोंड लपवलं.

“ऑर्डर आली होती,” भाई म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “परत चाचणी लावायला महिना गेला असता. मला वाटलं, टिकेल. माझीच पेटी आहे, मला वाटलं टिकेल.”

चार वाजता पोलिसांची जीप आली तेव्हा भाई अक्षयाच्या स्टुलावर बसले होते.

५

केबिनमध्ये दोघीच उरल्या. टाईप केलेला कागद फाडून अक्षया पिशवी घेऊन निघाली होती.

“बस जरा,” रुकय्याबाई म्हणाल्या. “एक राहिलं. तुझ्या खऱ्या वहीत तू अठरा महिने लिहिलं होतंस. का?”

“पहिली पेटी अठराव्या दिवशी मेली म्हणून.”

“अठराव्या दिवशी मेली?”

अक्षया बसली. तिला कळायला फार वेळ लागला नाही. हेच तर ती मघापासून ऐकत होती, फक्त दुसऱ्यांच्या वहीबद्दल. पेट्या अठराव्या दिवशी सापडल्या होत्या. मेल्या होत्या त्या चौदा आणि अठराच्या मध्ये कधीतरी, गाव माळावर जेवणं रांधत असताना. परत आल्यावर तिने कपाट उघडलं, सात मोजल्या आणि त्यांच्या मरणाला त्या दिवसाची तारीख घालून टाकली. न पाहिलेल्या दिवसांचा धोका धरायचा तर चौदा लिहायला हवं होतं.

“बाबलीदादांच्या पेटीचा सोळावा महिना होता,” ती हळू म्हणाली.

“हो.”

“म्हणजे माझी खरी वही तशीच छापली असती, तरीसुद्धा...”

“तरीसुद्धा ती पेटी त्या दिवशी होडीवरच असती,” बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. “ही लबाडी नाही गो. ही चूक आहे. माझ्या अहवालात ती येईल, पण त्याला आठवडा लागेल. आज तुला कोणी काही विचारणार नाही. घरी जा.”

फाटकात वाट करून दिली गेली. कोणीतरी तिला म्हणालंसुद्धा, सुटलंस गो बाय. घर डावीकडे होतं. उजवीकडे कुंपणाच्या दगडावर बाबलीची बायको सावित्री बसली होती, सकाळपासून एकाच जागी. अक्षयाला इतकंच हवं होतं की कोणी बोलावू नये. कोणी बोलावलं नाही. ती उजवीकडे वळली.

“सावित्रीवयनी, तुमका एक सांगूचा आसा,” ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भाईंचं सांगून झालं, मग स्वतःचं. “माझी खरी वही असती तरी दादा वाचाक नसते. मी अठरा म्हयने लिवलंलंय. चवदा लिवक होये होते.”

मागून कोणीतरी शिवी दिली. सावित्रीने वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

“म्हणजे चवदा म्हयन्यांच्या पुढची पेटी कामाची नाय.”

“नाय. रबर बदलल्याशिवाय नाय.”

“माझ्या भावाच्ये पेटयेक पंधरा झाले,” सावित्री म्हणाली.

“तो खंय आसा आता?”

“दर्यात. सोमवारपासून. फोन लागणा नाय.” ती थांबली. “बाबली गेलो तां तेका अजून ठावक नाय.”

सोसायटीचा वायरलेस मालवणच्या कचेरीत होता आणि तिथला नंबर अक्षयाला पाठ होता. तिने फोन लावला, होडीचं नाव विचारलं. सावित्रीने नाव सांगितलं आणि तिचं मनगट धरून ठेवलं.

“तेका म्हणा, पेटी बिघडली आसा, आत्ताच्या आत्ता परत ये,” ती म्हणाली. “इतक्याच सांगा. बाबलीचा मी सांगतलंय.”